मधली जागा

मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, माझी सगळी पापं तोंडपाठ आहेत असा तिचा समज आहे. बऱ्याच अंशी तो खराही आहे. पण एक गोष्ट तिलाही माहीत नाही. कुणालाच नाही — भावाला नाही, मित्रांना नाही. सहा वर्षं मी ती इतकी जपून ठेवली की कधीकधी मलाच वाटतं, घडलीच नसावी. पण खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालंय. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल अशी माझी कल्पना होती. तसं काही होत नाहीये.

आणि गोष्ट कसली, तर खेळाची. हसाल तुम्ही. पन्नाशीला टेकलेला माणूस कबुलीजबाब द्यायला बसतो आणि सुरुवात करतो फुटबॉलपासून! पण माझा इलाज नाही, ती तिथूनच सुरू होते.

मी मूळचा नाशिकचा. सौदीत जेद्दाच्या उत्तरेला समुद्रालगत एक कारखाना आहे, तिथे इन्स्ट्रुमेंट इंजिनियर आहे. राहायला कंपनीचं कंपाउंड — भिंतीच्या आत बंगले, झाडं, पोहण्याचा तलाव आणि एक हिरवं मैदान. या मैदानावर अमेरिकन लोकांनी त्यांचा फुटबॉल आणला. लांबट चेंडू असतो, तो हाताने फेकायचा, हाताने झेलायचा. आमच्याकडचा प्रकार सौम्य होता, कुणी कुणाला आडवं पाडत नसे. कमरेला दोन रिबिनी लावायच्या. समोरच्याने एक ओढली की तुम्ही थांबलात. टीव्हीवर दिसतात ती शिरस्त्राणं वगैरे काही नाही. पोटं सुटलेली माणसं शुक्रवारी दुपारी खेळतात असा खेळ.

आमचा कोच होता रॉस. कारखान्यात तो मेंटेनन्सचा मॅनेजर, पण शुक्रवारी कोच. त्याने मला संघात घेतलं ते माझ्या पळण्यावर भाळून नव्हे. मला नोंदी ठेवायची खोड आहे. कोण किती वेळात किती अंतर कापतो, कोण डाव्या खांद्यावरून आलेला चेंडू सोडतो, कोणाचा हात घामाने निसटतो — सगळं मी वहीत लिहायचो. रॉसला ती वही फार आवडली. झेलणाऱ्यांपैकी कोणाला कुठे उभं करायचं, हे तो मला विचारूनच ठरवू लागला.

आता हे थोडं समजून घ्या, कारण सगळं यातच आहे. झेलणारे तिघे. दोघे मैदानाच्या दोन कडांना आणि एक मधे. कडेच्या माणसाला उंची हवी, सरळ पळण्याचा वेग हवा. त्याने निघायचं आणि सुसाट जायचं, बस. मधल्याचं तसं नाही. तो गर्दीत असतो. समोरचा काय करतोय ते बघून त्याला धावता धावता ठरवायचं असतं — समोरचा मागे सरकला तर जागीच थांबून वळायचं, तो पाय रोवून उभा राहिला तर त्याला वळसा घालून पुढे निघायचं. फेकणाराही तेच बघत असतो. दोघांना एकाच क्षणी एकच गोष्ट सुचली, तरच चेंडू हातात पडतो. थोडक्यात, कडेची जागा पायांची आणि मधली जागा डोक्याची. हे वाक्य माझंच आहे. रॉसला मी ऐकवलं होतं आणि तो खूश झाला होता.

मधल्या जागी मीच उभा राहायचो, हे वेगळं सांगायला नको.

सुदेशला मीच आणला. तो रत्नागिरी जिल्ह्यातला, संगमेश्वरकडचा. कंत्राटदाराचा माणूस — कारखान्यात उंचावरच्या कामांसाठी लोखंडी पाइपांच्या परांच्या बांधायचा. राहायला दूर कॅम्पमध्ये, एका खोलीत सहाजण. एकदा आमच्या युनिटमध्ये त्याला परांचीवरून उतरताना पाहिलं आणि मी बघतच राहिलो. खाली पाय ठेवण्याआधी त्याची नजर पुढच्या पावलावर गेलेली असायची. विचारलं तर म्हणाला, गावाकडे खो-खो खेळायचो, तालुक्याच्या संघात होतो. आमच्या संघात माणसं कमी होती. कंपाउंडमधल्या कुणीतरी सही केली की बाहेरच्या माणसाला शुक्रवारचा पास मिळायचा. मी सही केली. सगळ्यांना सांगत सुटलो, आपला मराठी माणूस आणलाय, बघाच आता.

मंजिरीला तो पहिल्यापासून आवडला. त्या वर्षी आमच्या घरी गणपतीला — दार लावून, आवाज न करता, आपली दहा-बारा घरची माणसं — तर तो उकडीचे मोदक वळायला बसला. चार बायका आणि हा. बायकांच्या मोदकांच्या कळ्या नऊ-दहा, याच्या सतरा. मंजिरी म्हणाली, "अहो, यांचे हात बघा जरा." मी बघितले. लोखंडी पाइप उचलून राठ झालेली बोटं, आणि पारीला चीरदेखील जात नव्हती. अशा हातातून चेंडू निसटायचा नाही, एवढं मला तेव्हाच कळलं. आनंद व्हायला हवा होता ना? थोडा झालाही. बाकीचं जे झालं त्याला नाव द्यायला मी तयार नव्हतो. आता देतो. मला त्याचा हेवा वाटला.

सरावाला तो आला आणि दोन शुक्रवारांत मला कळून चुकलं की हा मधल्या जागेचा माणूस आहे. कसं कळलं? एकदा विचारलं त्याला, समोरचा मागे सरकणार की उभा राहणार, हे तुला आधीच कसं समजतं? तो म्हणाला, "दादा, माणूस खांद्यानं बोलतो. डोळे फसवतात, खांदा नाय फसवत. खो-खोत एकदा खांदा वळवला की माघारी फिरता येत नाय, मग आपण पळायचं दुसऱ्या अंगाला." मी हे वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे. शब्द न् शब्द लिहिलाय आणि त्याच्या खाली, त्याच पानावर, माझ्याच अक्षरात — सुदेश : कडेला. वेग चांगला.

का लिहिलं मी असं? मला चांगलं आठवतंय, लिहिताना माझा हात अडला नाही. मनाची समजूत सोपी होती. तो परांच्या बांधणारा, आपण इंजिनियर. पळायचं काम त्याचं, डोक्याचं आपलं. असं स्पष्ट वाक्य मनात आलं का? नाही. आलं असतं तर लाज वाटली असती. ते न येताच काम झालं. तो सगळा मोसम सुदेश कडेला सरळ रेषेत पळत राहिला, टाळ्या घेत राहिला, आणि मी दुखरा गुडघा घेऊन मधे उभा राहत होतो. रॉसने एक-दोनदा भुवया उंचावल्या. मी वही पुढे केली.

इथपर्यंतचं पाप तसं लहान आहे. अशी जागा अडवून बसलेली माणसं प्रत्येक ऑफिसात सापडतील. मी इथेच थांबलो तर तुम्ही मला माफही कराल कदाचित. म्हणून थांबत नाही.

शेवटचा सामना शेजारच्या थुवाल गावच्या संघाशी होता. जानेवारीतली दुपार, समुद्रावरून वारा, कडेला खुर्च्या टाकून बायका-मुलं. सामना संपायला मिनिटभर उरलं होतं आणि आम्ही एका डावाने मागे होतो. तेवढ्यात माझा गुडघा गेला. मी खाली बसलो तो उठताच येईना. रॉस धावत आला, माझ्याकडे बघितलं, सुदेशकडे बघितलं आणि म्हणाला, मधे याला घालतोय, तू याला तुझ्या भाषेत समजाव — समोरचा मागे गेला तर थांब, उभा राहिला तर वळसा घालून पुढे. दोन्ही सांग.

रॉसचं इंग्रजी सुदेशला झेपायचं नाही. खाणाखुणांनी सरावाचं भागायचं, पण अशा वेळी मधे मी लागायचो. तो माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. चेहरा घामाने भिजलेला. "बोला दादा."

मी म्हटलं, "दहा पावलं पळ, थांब आणि वळ."

एवढंच सांगितलं.

घाईत राहून गेलं असं मी वर्षभर स्वतःला सांगितलं. वेदना होत होत्या, गडबड होती, वगैरे. पण सांगू का — वेळ होता. तो उठायच्या आधी क्षणभर थांबला होता. माझ्या तोंडाकडे बघत होता, अजून काही आहे का म्हणून. मी म्हटलं, "जा." दुसरं अर्धं माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. आपण हरावं असं मला वाटत होतं का? नाही हो. जिंकावं असंच वाटत होतं. फक्त त्याने मधे उभं राहून जिंकू नये.

चेंडू फेकला तेव्हा समोरचा गडी पाय रोवून उभा होता. लहान पोरालाही कळलं असतं की आता पुढे निघायचं. सुदेश दहा पावलं पळाला — आणि मी बघत होतो, त्याचं अंग पुढे झुकलं होतं, त्याच्या पायांना ठाऊक होतं — पण तो थांबला आणि वळला. मी सांगितलं होतं म्हणून. चेंडू त्याच्या डोक्यावरून, जिथे सुदेश असायला हवा होता तिथे गेला आणि थुवालच्या माणसाने अलगद झेलला. खलास.

तो माझ्याकडे आला. रॉसकडे नाही, माझ्याकडे. "दादा, पुढं जावं असं वाटलेलं मला. पण तुम्ही थांब म्हणालात ना?"

इथे सांगायचं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर तो हसला असता, जाऊ द्या म्हणाला असता. त्याचा स्वभावच तसा. पण रॉस बाजूलाच उभा होता, मंजिरी बर्फाची पिशवी घेऊन येत होती, सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अरे, मी दोन्ही सांगितलं होतं. तू एकच ऐकलंस."

त्याने मान खाली घातली. वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं, मला राग तरी आणता आला असता. तो जरा वेळ आठवत उभा राहिला. खरंच आठवत होता, ओठ हलत होते. मग म्हणाला, "असेल दादा. माझ्या टाळक्यात नाय शिरलं."

रॉसने मला इंग्रजीत विचारलं, समजलं नव्हतं का त्याला? मी म्हटलं, समजावलं मी, पण मान डोलावतो आणि मनात घेत नाही. हेही माझंच वाक्य. ते मैदानावरच राहील असं मी धरून चाललो होतो.

पुढच्याच महिन्यात कंपनीला कंत्राटदाराच्या माणसांतून दोन परांची सुपरवायझर स्वतःकडे घ्यायचे होते. सुदेशने अर्ज केला होता. हे मला आधीपासून माहीत होतं, अर्ज मीच टाइप करून दिला होता. त्याच्यासाठी ती नुसती बढती नव्हती. इकाम्यावरचा, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावरचा, हुद्दा बदलला की बायको-मुलीला इकडे आणता येणार होतं. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. जन्मल्यापासून बापाच्या वाट्याला ती मोजून पाच महिने आली होती, दोन वर्षांतून एकदा मिळणाऱ्या सुट्टीत. त्याने मंजिरीला इथल्या इंडियन स्कूलची माहिती विचारून ठेवली होती. मुलगी इंग्रजीत मागे पडेल का, ही त्याला काळजी. मंजिरीने आमच्या मुलीची जुनी पुस्तकं बांधून ठेवली होती.

रॉसने मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, हात चांगले आहेत त्याचे, सगळे सांगतात. पण त्या शुक्रवारचं माझ्या डोक्यातून जात नाही. मान डोलावतो आणि मनात घेत नाही, असं तूच म्हणालास. वीस मीटर उंचीवर असा माणूस इतरांवर नेमणं — तू त्याला ओळखतोस. मी चुकतोय का?

केबिनच्या खिडकीतून यार्ड दिसतं. तिथे माणसं पाइप मोजत होती. त्यांत तो होता की नाही, मी पाहिलं नाही. साधा प्रश्न होता — मी चुकतोय का? हो, चुकतोस. दोन शब्द. ते बोललो असतो तर पुढे काय विचारलं गेलं असतं? मग त्या दिवशी काय झालं होतं, हेच ना. आणि मग मला सांगावं लागलं असतं की मी खोटं बोललो. एका खेळापायी, एका जागेपायी, तेही रिबिनी लावून खेळायच्या खेळातल्या. सोळा वर्षांची अब्रू होती माझी त्या कारखान्यात.

मी म्हटलं, "दुसऱ्यांवर नेमताना मी तरी विचार करीन."

रॉसने मान हलवली आणि अर्ज दुसऱ्या फायलीत सरकवला. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा नसतील.

कंत्राट संपल्यावर कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचे व्हिसा होते त्या मालकाने, सुदेशच्या टोळीला दूर उत्तरेला तबूकला पाठवलं, नव्या कामावर. बसने चौदा-पंधरा तासांचा रस्ता. जायच्या आदल्या शुक्रवारी तो घरी आला, कॅम्पमध्ये केलेल्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन. मंजिरीने पुस्तकांचा गठ्ठा द्यायचा की नाही म्हणून माझ्याकडे पाहिलं, मग आत ठेवून आली. जाताना तो मला म्हणाला, "तुम्ही केलंत तेवढं कोण करतं, दादा. माझंच कमी पडलं." आणि वाकून नमस्कार केला. मी त्याला अडवलंही नाही. वाकू दिलं.

मंजिरीने नंतर एकदा विचारलं होतं, रॉसने का नाही घेतलं त्याला? मी म्हटलं, मोठ्या लोकांचं काय सांगावं. तिने रॉसला दोन शिव्या घातल्या. मीही घातल्या. एवढी वर्षं आमच्या घरात रॉसच दोषी आहे. तो निवृत्त होऊन टेक्सासला गेला, त्यालाही यातलं काही माहीत नाही.

मी खेळणं सोडलं. लोक समजतात गुडघ्यामुळे. प्रायश्चित्त वगैरे नव्हे ते. मैदानावर उभं राहवत नव्हतं, इतकंच. त्यातही सोय माझीच.

सुदेशचा फोन येतो, गणपतीला आणि दिवाळीला, न चुकता. मी स्वतःहून कधी केला नाही. गेल्या महिन्यात मात्र सणवार काही नसताना आला. संध्याकाळची वेळ, मी बागेत पाणी घालत होतो. आवाजात काहीतरी होतं त्याच्या. म्हणाला, "दादा, एक सांगायचं होतं. तुमच्याशिवाय कोणाला सांगू? तबूकच्या कंपनीवाल्यांनी सुपरवायझर कर म्हणून विचारलं मला. माझ्या कामावर खूश आहेत."

माझ्या हातातली पाण्याची नळी खाली पडली. मी म्हटलं, "अरे वा. मग? मुलीला आणशील आता." ती चौदा वर्षांची झाली असेल, मी मनात हिशेब केला.

"नाय म्हटलं मी त्यांना."

मी विचारलं, "का रे?"

"तुम्हाला आठवतं ना, दादा, तो थुवालचा सामना? तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात आणि मी एकच ऐकली. तुम्ही मराठीत सांगून ही गत, मग इथं तर इंग्रजी आणि अरबी. वर माणसं चढलेली असतात. माझ्या ऐकण्यातल्या चुकीनं कुणाचा जीव जायचा. तेव्हापासून मी दोनदा विचारल्याशिवाय साधा पानासुद्धा फिरवत नाय. बायको रागावलीय. पोरगी बोलत नाय चार दिवस. पण मी बरोबर केलं ना, दादा?"

नळीचं पाणी माझ्या चपलांवरून वाहत होतं. तो थांबला होता. उत्तराची वाट बघत होता, घाई न करता. चांगला वेळ होता. सहा वर्षांनी पुन्हा तेवढाच वेळ मला मिळाला होता, किंबहुना जास्तच.

मी म्हटलं, "बरोबर केलंस."

"तुम्ही म्हणालात, आता बरं वाटलं," तो म्हणाला आणि वहिनींना नमस्कार सांगा म्हणून फोन ठेवला.

मी नळ बंद करून आत आलो. मंजिरीने विचारलं, कुणाचा फोन होता? मी म्हटलं, सुदेशचा. मजेत आहे.